निघून जाणाऱ्याच्या अटी

जर्सी सिटी
५ ऑगस्ट २००६

प्रिय नीलू,

ऑफिसच्या पत्त्यावर आईचं पत्र आलेलं बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. मलाही काही झालेलं नाही, उजवा गुडघा सोडला तर. शेजारच्या टेबलावरच्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून मुद्दाम मराठीत लिहितेय. नागपूरहून निघालो तेव्हा तू तिसरी पास झाली होतीस, म्हणजे वाचता तुला येतं, जोडाक्षरांपाशी तेवढी अडखळतेस, म्हणून अक्षर मोठं काढलंय. फाडायचंच असेल तर शेवटचं पान वाचून मग फाड. पहिली पानं नेहमीप्रमाणे माझ्या बडबडीचीच असणार, ती सोडून दिलीस तरी चालेल.

मी अजून त्याच लॉ फर्ममध्ये, त्याच बिनखिडकीच्या खोलीत प्रूफं वाचते. पाथ ट्रेनने जाते, पाथ ट्रेनने येते. आमची पद्धतही तीच, तुला लहानपणी जिची गंमत वाटायची ती. एकीने नवा कागद मोठ्याने वाचायचा, दुसरीने जुन्या कागदावर बोट ठेवून ऐकायचं, आणि वाचणारीने कॉमासुद्धा तोंडाने म्हणायचा. तू म्हणायचीस, आई रागावतानाही कॉमा म्हणते. खरंच म्हणत असेन गं. बावीस वर्षं झाली या नोकरीला, सवय हाडात गेली.

या उन्हाळ्यात आमच्याकडे एका देशाच्या वाटणीचे कागद आले होते. देश म्हणजे सर्बिया आणि माँटेनेग्रो. दोघांचा मिळून एक संघ होता, मे महिन्यात माँटेनेग्रोने मतदान घेतलं आणि बाहेर पडायचं ठरवलं. आमच्या पक्षकार बँकांना एवढीच काळजी, की संघाला दिलेलं कर्ज आता फेडणार कोण. बँकांचं काय चाललंय ते मला बाहेर बोलता येत नाही, पण बाहेर पडण्याच्या अटी जगजाहीर आहेत, त्या सांगितल्या म्हणून माझी नोकरी जाणार नाही. तुझ्या चेहऱ्यावरचं आत्ताचं हसू मला इथून दिसतंय. आईला राजकारण कधीपासून कळायला लागलं! नाहीच कळत. पण महिनाभर रोज सात तास एखादी गोष्ट मोठ्याने वाचली की दगडालाही थोडी कळते.

माझ्यासमोर वाचायला मिर्याना बसायची. भाषा येते म्हणून फर्मने तिला दोन महिन्यांपुरतं घेतलं होतं. पन्नाशीची, भरपूर उंच, चहात साखरेऐवजी जॅम घालणारी. माहेर बेलग्रेडचं म्हणजे सर्बियातलं, आणि नवरा माँटेनेग्रोचा. म्हणजे ज्या कागदावर आम्ही बोट ठेवत होतो, त्याच्या मधोमध तिचं घर. मी पहिल्याच दिवशी विचारलं, आता तुमच्या घरात काय? ती म्हणाली, नवरा तिकीट काढून मत द्यायला गेला होता, बाहेर पडण्याच्या बाजूने. आणि बेलग्रेडची आई? जावयाशी बोलणं बंद. मला ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. जगात आपल्यासारखी आणखी घरं आहेत म्हटल्यावर जरा बरं वाटतंच.

आता अटी सांगते. पहिली अट अशी, की संघ झाल्यावर तीन वर्षं कुणी मतदान घ्यायचं नाही. थांबा, नांदून बघा, मग बोला. मिर्यानाने हे कलम वाचलं, मी बोट ठेवून ऐकलं, आणि पुढच्या ओळीवर माझं बोट सरकेना. तिला वाटलं, माझा चष्मा सरकलाय. सन दोन हजारात तू मला पहिल्यांदा सांगितलंस, की यतीनबरोबर राहवत नाही. मी काय म्हटलं ते तुला आठवत असेलच. तीन वर्षं थांब, एखादं मूल होऊ दे, सगळं सुरळीत होतं. अगदी हाच आकडा. तू तीन वर्षं थांबलीस गं. एक दिवस कमी नाही की जास्त नाही. तुझ्या बाबांना जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं, मला आणखी काही मोडलेलं बघायचं नव्हतं. पण हे माझं कारण झालं, तुझी तीन वर्षं त्याने परत येत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे मतांची. निम्म्याला एक मत जास्त पडलं की झालं, असं इथे नव्हतं. शंभरात पंचावन्न हवे होते, आणि त्यांना मिळाले जेमतेम साडेपंचावन्न. मी मिर्यानाला म्हटलं, हा अन्याय झाला, चोपन्न लोकांना निघायचं असतं तरी अडकवून ठेवलं असतं की! तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, आमच्या घरात तर आई शंभर मागत होती. ती सहज बोलली, मला मात्र दुपारचा डबा गोड लागला नाही. मी तुला तीन प्रश्न विचारले होते. आयसेलिनच्या त्या डोशाच्या हॉटेलात, भर गर्दीत. मारतो का, पितो का, दुसरी कुणी आहे का. तू तिन्हींना नाही म्हणालीस, आणि मी वकिलासारखी मागे टेकून बसले. मग तू म्हणालीस, मी त्या घरात मोठ्याने हसत नाही, आई. आणि मी म्हटलं, हसायला टीव्हीवर कार्यक्रम असतात. उचलली जीभ लावली टाळ्याला! तुझा डोसा तसाच राहिला आणि मी तो वाया जाऊ नये म्हणून खाल्ला. कसा खाल्ला असेन?

मी काही देशाची आणि संसाराची तुलना करत बसलेली नाही. तुला असल्या तुलनांचा राग येतो हे माहीत आहे मला, मराठी मंडळातल्या भाषणांत तू उठून बाहेर जायचीस. फक्त वाचता वाचता जे झालं ते सांगते.

कर्जाचं त्यांनी साधं ठरवलं. जे पैसे ज्याच्या जमिनीवर लागले, ते त्याने फेडायचे. पूल तुझ्याकडे बांधला, तर पुलाचं कर्ज तुझं. हे मला आवडलं, यात कुणी रुसायचं कारण नाही. आणि तेव्हा आठवलं, यतीनच्या घराच्या कर्जाचा अर्धा हप्ता पाच वर्षं तुझ्या पगारातून जात होता. मंडळाचे राजेशकाका मध्यस्थीला आले होते, माझ्याच दिवाणखान्यात, यतीनचे आईवडील सोफ्यावर, आणि तू खिडकीशी उभी. कुणी विचारायच्या आत मी मान ताठ करून म्हटलं, आमची मुलगी आपणहून निघतेय, ती काही मागणार नाही. केवढा तोरा! दान करायला ते माझं होतं का? सगळे म्हणाले, देवपुजारींची मुलगी, संस्कार दिसतात. माझ्या तोऱ्यापायी तू दोन बॅगा घेऊन भाड्याच्या खोलीत गेलीस आणि मी त्या रात्री शांत झोपले. हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

पण खरी अट पुढेच आहे. ती एका वाक्याची आहे. जो बाहेर पडेल, त्याला संघाची जगातली ओळख वारशाने मिळणार नाही. म्हणजे संघाच्या नावाने जगात जी जी खुर्ची होती, ती राहणाऱ्याची. संयुक्त राष्ट्रांतली जागा सर्बियाकडे आपोआप गेली, आणि माँटेनेग्रोने दाराशी उभं राहून नव्याने अर्ज केला. कालपर्यंत आत बसलेला माणूस! जूनच्या शेवटी त्यांना घेतलं, तेव्हा मिर्यानाने ऑफिसात पेढ्यासारखं काहीतरी वाटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आली. मी तिला विचारलं, आनंदाने की दुःखाने? ती म्हणाली, हे विचारतात का कुणी?

त्या वाक्यापाशी मी वाचन थांबवायला सांगितलं आणि पाणी प्यायला उठले. कारण नीलू, हे वाक्य मी पूर्वी एकदा स्वतः टाइप केलं होतं.

आपल्या मंडळाची डिरेक्टरी गेली बारा वर्षं मी करते, हे तुला सांगायला नको. तू शाळेत होतीस तेव्हा माझ्या आधीच्या काकूंना लिफाफे चिकटवून द्यायचीस. रकाने तेच, कुटुंबप्रमुख, पत्नी, मुलं, पत्ता, फोन. दोन हजार चार सालची डिरेक्टरी करताना यतीनच्या ओळीतल्या दुसऱ्या रकान्यावर मी आले. तुझा घटस्फोट होऊन महिना झाला होता. मी तुझं नाव काढलं. काढायलाच हवं होतं, त्यात चूक नव्हती. पण मग तुझी वेगळी ओळ कुठे टाकायची? कुटुंबप्रमुखाशिवाय ओळ सुरू होत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. नियम कुणी केला होता? कुणीच नाही. वर्षानुवर्षं तसं चालत होतं एवढंच. नवी ओळ टाकायला मला एक मिनिट लागलं असतं. ती टाकली असती तर चारशे घरांत कळलं असतं की देवपुजारींची मुलगी नवऱ्याला सोडून एकटी राहते. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून यतीन राहिला, आणि तू, जिने त्या मंडळात नऊ वर्षांची असल्यापासून प्रत्येक गणपतीला रांगोळी काढली, ती कुठेच राहिली नाहीस.

आणि याहून वाईट सांगू? त्याच डिरेक्टरीत माझ्या ओळीत कुटुंबप्रमुख म्हणून कृष्णा देवपुजारी हेच नाव छापलेलं होतं. तुझे बाबा जाऊन पाच वर्षं झाली होती. मी त्यांचं नाव काढलं नाही, काढवलं नाही, आणि मंडळातल्या कुणालाही ते खटकलं नाही. गेलेल्या माणसाला मी जागा दिली आणि जिवंत पोरीला दिली नाही. बावीस वर्षं प्रूफं वाचणाऱ्या बाईच्या नजरेतून हे सुटलं. सुटलं कसलं, मीच सोडलं.

त्या गणपतीत शाळेच्या हॉलमध्ये तू माझ्या टेबलापाशी आलीस. गठ्ठ्यातली वरची डिरेक्टरी उचललीस. आधी स च्या पानावर यतीन सबनीस हे नाव बघितलंस, मग द चं पान काढलंस. मी पावत्या फाडायचं नाटक करत होते, पण बघत होते. मला वाटलं तू भांडशील, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं. तू डिरेक्टरी परत गठ्ठ्यावर ठेवलीस, कडा सारख्या केल्यास, माझ्यासाठी आणलेला मोदकांचा डबा टेबलावर ठेवलास आणि गेलीस. त्यानंतर तुझा फोन बदलला. तू पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला राहायला गेल्याचं मला ओक ट्री रोडवर भाजी घेताना मंडळातल्या दीपाने सांगितलं, आणि मी असं तोंड केलं, की हे तर मला माहीतच होतं. मोदकांचा तो स्टीलचा डबा अजून माझ्याकडे आहे.

मीही काही कमी नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी म्हटलं, तिला गरज असेल तर करील फोन. पहिली दिवाळी गेली, दुसरी गेली. तुझ्या वाढदिवसाला मी श्रीखंड करत होते आणि एकटीने आठवडाभर खात होते. डॉक्टर म्हणाले साखर वाढलीय, मी म्हटलं वाढू दे.

मिर्यानाची गोष्ट राहिली. तिचं काम संपायच्या आठवड्यात तिच्या आईचा बेलग्रेडहून फोन आला. म्हातारीने जावयाला बोलावून घेतलं फोनवर, दोन महिन्यांनी पहिल्यांदा. मिर्याना घाबरून ऐकत उभी राहिली. आणि म्हातारी काय म्हणाली? म्हणाली, तू केलंस ते मला पटलेलं नाही, मरेपर्यंत पटणार नाही. पण आता तुमच्या देशाचा फोनचा कोड बदलणार असं ऐकतेय. नवा कोड मिळाला की सगळ्यांच्या आधी मला कळव, नाहीतर तिकडे असलेल्या तुझ्या आईची खुशाली मी कुठल्या नंबरवर विचारू? मिर्याना हे सांगून हसत होती. मी मात्र, तुला आश्चर्य वाटेल, चार लोकांच्या देखत रडले. पटायचं राहू दे बाजूला, नंबर तर हवा! ऐंशी वर्षांच्या बाईला जे सुचलं, ते मला सुचू नये?

त्याच शनिवारी मंडळात यतीन आला होता, यंदाच्या डिरेक्टरीचा फॉर्म द्यायला. एक बातमी तुला कुणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावी. त्याने जानेवारीत लग्न केलं. मुलीचं नाव आश्लेषा, पुण्याची आहे, चांगली वाटली. त्याच्या ओळीतल्या दुसऱ्या रकान्यात ते नाव मी माझ्या हाताने टाइप केलं, आणि मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. तो आता मला आई म्हणत नाही, काकू म्हणतो, तेही बरोबरच आहे. तो जाता जाता म्हणाला, काकू, माळ्यावर नीलूची पुस्तकं सापडलीत, दोन खोके आहेत, पत्ता द्याल का? मी म्हटलं, घाईत आहे, नंतर देते.

मग मी गाडीत जाऊन बसले. चारशे बारा घरांचे पत्ते माझ्याजवळ आहेत, नीलू. कोण कुठल्या अपार्टमेंटमध्ये, कुणाचा झिप कोड बदलला, कुणाच्या सासूबाई सहा महिने आल्यात, सगळं मला पाठ. आणि पोटच्या मुलीचा पत्ता नाही. लायब्ररीत जाऊन तिथल्या मुलीच्या मदतीने कॉम्प्युटरवर तुला शोधलं. तुझ्या कंपनीच्या पानावर नाव सापडलं, नीलांबरी देवपुजारी. तू सबनीस लावत नाहीस हेही मला तिथे कळलं. तुझा फोटोही होता. दात दिसत होते. मोठ्याने हसताना काढलेला फोटो होता तो, हो ना?

आता शेवटचं पान, ज्यासाठी हे सगळं. सोबत यंदाच्या डिरेक्टरीच्या द च्या पानाचं प्रूफ जोडलंय. नीट बघ, तुझी नजर माझ्याहून तीक्ष्ण आहे. पहिल्या रकान्याचं नाव मी बदललंय. कुटुंबप्रमुख काढून नुसतं 'नाव' केलंय. राजेशकाका कुरकुरले, इतकी वर्षं चाललंय ते बदलायचं कशाला. म्हटलं, मग डिरेक्टरी तुम्हीच टाइप करा. कृष्णा देवपुजारी ही ओळ आता नाही, बाबा मला हसलेच असते, एवढा उशीर केलास म्हणून. तिथे आता शोभना देवपुजारी आहे. आणि तिच्या वर, अकारविल्हे लावलं तर वरच येतं म्हणून, नीलांबरी देवपुजारी. तुझ्या नावापुढची पत्त्याची आणि फोनची जागा कोरी आहे. तू त्या हॉलमध्ये परत पाऊल ठेवावंस म्हणून हे नाही, मंडळावर तुझा राग असेल तर तो असू दे. माझ्यावरचा तर असूच दे, तो मी कमावलाय. तुझी जागा तुझी होती, ती मी काढून घेतली, माझं चुकलं. अर्ज तू करायचा नाहीस, म्हणून मी करतेय. डिरेक्टरीत छापायचा नसेल तर पत्ता फक्त मला कळव, मी वहीत लिहून ठेवीन, यतीनलाही देणार नाही. तोही द्यावासा वाटला नाही, तर देऊ नकोस, कोऱ्या जागेसकट छापीन. आणि नावच नको असेल तर तसं लिही, मी खोडीन. पण या वेळी तू सांगितल्यावरच खोडीन. अट कुठलीच नाही. छापखानेवाला वीस तारखेपर्यंत थांबायला तयार आहे. मी त्याच्यापुढेही थांबेन.

कुठल्याही पत्त्यावर असलीस तरी तुझीच,
आई